मीनाकाम केलेली जुनी नॉर्डिक चांदी : जमवणारे, वापरणारे कोणी आहेत का?

उत्तरायण

ओस्लोत शाळांच्या बँडपथकांसाठी पैसे उभे करायला पालक मंडळी वसंतात आणि शरदात जुना बाजार भरवतात. शाळेच्या व्यायामशाळेत पुस्तकं, स्की, कपबशा, दिवे यांचे ढीग आणि कोपऱ्यातल्या टेबलावर काचेच्या पेटीत चांदी. त्या पेटीत बऱ्याचदा कॉफीच्या सहा चमच्यांची डबी असते. चमचा जेमतेम नऊ-साडेनऊ सेंटिमीटरचा. वाटीला आतून सोन्याचा मुलामा. दांड्यावर आणि वाटीच्या पाठीवर पारदर्शक मीना. सहा चमचे, सहा रंग: गर्द निळा, मोरपंखी, पोपटी, पिवळा, लाल, पांढरा. मिन्याच्या खाली चांदीवर यंत्राने कोरलेल्या बारीक लाटा असतात, त्यामुळे चमचा जरा कलता केला की रंगाच्या आत उजेड धावतो.

मला याचं वेड लागलंय हे घरच्यांनी आता मान्य केलेलं आहे. इथे कोणी जमवत असेल, वापरत असेल, कोणाच्या आजेसासूबाईंच्या कपाटातून असं काही निघालं असेल, तर बोलायला हा धागा.

सुरुवात मीच करते. चांदीवरच्या रंगकामात नॉर्वेचा हात कोणी धरणार नाही. डेन्मार्क म्हटलं की लोकांना जॉर्ज जेन्सन आठवतो. त्याने १९०४ मध्ये कोपनहेगनला दुकान थाटलं, आणि त्याचं नाव झालं ते घडणीमुळे. रंग हवा असेल तर ओस्लोला यायचं. इथली याकोब टोस्ट्रुपची पेढी १८३२ची, डेव्हिड-अँडरसनची १८७६ची. एकोणिसावं शतक सरता सरता या दोन पेढ्यांनी मिन्यात अशी काही मजल मारली की १९००च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेचं काम नावाजलं गेलं. टोस्ट्रुपकडे तुरोल्फ प्रिट्स, डेव्हिड-अँडरसनकडे गुस्ताव गाउडरनाक हे रचनाकार. त्यांची खासियत ‘प्लिक-आ-जूर’: मागे पत्राच नाही, चांदीच्या तारांच्या जाळीत नुसती रंगीत काच. उजेडासमोर धरलं की चर्चच्या खिडकीसारखं दिसतं. असे तुकडे बघायचे असतील तर २०२२ मध्ये उघडलेल्या ओस्लोच्या नव्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. विकत घ्यायचा विचार माझ्यासारखीने करू नये.

आपल्या आवाक्यातलं म्हणजे त्यानंतरचं, १९३० ते १९६०च्या दशकांतलं काम. कॉफीचे चमचे, केकचे काटे, जॅमचा चमचा, मीठदाणी आणि तिचा नखाएवढा चमचा, छोट्या तबकड्या. टोस्ट्रुप आणि डेव्हिड-अँडरसन यांच्या जोडीला अक्सेल होल्मसेन, ह्रोअर प्रिट्स, आयनार मोदाल ही नावं सारखी दिसतात.

बोला आता.

सरळसोट

छान दिसतंय. सहा चमच्यांचं वजन किती भरतं? आणि मोड किती येईल?

उत्तरायण

@सरळसोट, हा प्रश्न पहिल्याच प्रतिसादात येणार याची खात्री होती :) एक चमचा आठ ते दहा ग्रॅम. म्हणजे सहा मिळून पाच तोळ्यांच्या आसपास, आणि त्यात मीना आला, म्हणजे काच आली. मोडीला द्यायला ही वस्तू घेऊच नये.

आपल्याकडे सराफाच्या पेढीवर वजन मुख्य आणि घडणावळ वरची. इथे तराजू उलटा आहे. तुम्ही पैसे मोजता ते घडणावळीचे. चांदी त्यात आली ती आलीच. मिन्याचा टवका उडालेला चमचा मात्र खरोखरच मोडीच्या भावाला येतो. तोच चमचा अभंग असेल, पाच भावंडांसोबत मूळ डबीत असेल, तर किंमत कितीतरी पट. वजन दोन्हीकडे सारखंच.

सरळसोट

म्हणजे काचेचे पैसे. बरं.

कोपनहेगनची_काकू

वा! या विषयावर मराठीत धागा निघेल असं वाटलं नव्हतं.

डेन्मार्कला एका वाक्यात निकालात काढलंस उत्तरायण, म्हणून थोडं भांडते. आमच्याकडे ए. मिकेलसेनचे नाताळचे चमचे आहेत. हे राजघराण्याचे सराफ, पेढी १८४१ पासूनची. १९१० पासून दर नाताळाला त्यांनी एक चमचा काढला. नंतर जोडीला काटाही. सोन्याचा मुलामा दिलेली स्टर्लिंग चांदी, वर मीना, दर वर्षी वेगळा चित्रकार आणि वेगळं चित्र. तारे, मेणबत्त्या, बर्फ, देवदूत, एखादं साल अगदी भूमितीसारखं. इथे लोक स्वतःच्या जन्मसालाचा, लग्नाच्या सालाचा, मुलांच्या सालांचा चमचा शोधतात. आकार आपल्या जेवणाच्या चमच्याच्या जवळपास, त्यामुळे वापरायला नॉर्वेच्या बाहुलीच्या चमच्यांपेक्षा बरे! आमच्याकडे दर नाताळात खीर यानेच खाल्ली जाते. इथलीही तांदळाचीच असते, थंडगार, बदाम घातलेली, वरून चेरीचा गरम रस. त्यात एक अख्खा बदाम लपवतात आणि ज्याला मिळेल त्याला बक्षीस. आम्ही चेरीच्या जागी वेलदोडा-केशर घालतो, बदाम तसाच लपवतो.

मिकेलसेन १९६८ मध्ये रॉयल कोपनहेगनकडे, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध डॅनिश कंपनीकडे गेली. रंगीत छोटे चमचेही डेन्मार्कमध्ये पुष्कळ झाले; ‘मेका’ हे नाव पाठीवर दिसलं तर ते डॅनिश, नॉर्वेचं समजून घेऊ नका.

शंकेखोर

काकू, चेरीचा रस आंबट ना? मुलाम्याला चालतो?

कोपनहेगनची_काकू

सोन्याला आंबटाचं काही होत नाही. मुलामा झिजून खालची चांदी उघडी पडली असेल तर डाग धरते. खाऊन झालं की चमचे खरकट्यात पडू द्यायचे नाहीत, एवढंच. मी पाहुणे उठायच्या आत चमचे गोळा करते. लोक हसतात. हसू देत.

पानगळ

स्टॉकहोमहून. ठशांबद्दल लिहितो, कारण बाजारात तेच उपयोगी पडतं. वस्तू उलटी करा, भिंग लावा.

नॉर्वे: ९२५ आणि त्याला चिकटून रोमन ‘एस’ म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. ८३० आणि ‘एस’ म्हणजे जुना कस, हजारात ८३० भाग. दोन्ही खरी चांदीच. डेव्हिड-अँडरसनचं चिन्ह तराजू. शहराचं नाव ‘क्रिस्तियानिया’ लिहिलेलं असेल तर वस्तू १९२५च्या आधीची, कारण त्या साली शहराचं नाव पुन्हा ओस्लो झालं.

डेन्मार्क: तीन मनोऱ्यांचा ठसा आणि त्याखाली सालाचे दोन आकडे. साल सरळ वाचता येतं, याहून सोपं काय हवं. मात्र मनोरे मोजा. दोनच असतील तर तो नुसता मुलामा आहे, आत दुसराच धातू. दुकानात घाईत तीन आणि दोन यांत गफलत सहज होते.

स्वीडन: तिपाकळी चौकटीत तीन मुकुट, ज्याला इथे मांजराचं पाऊल म्हणतात, शेजारी ‘एस’, आणि सालासाठी अक्षर-आकडा. फिनलंड: बदामात मुकुट, आणि ८१३, ८३० किंवा ९१६च्या पुढे ‘एच’.

‘अल्पाका’, ‘न्यूसोल्व’, ‘नीसिल्व्हर’ असं काही दिसलं तर चांदी शून्य; तांबं, निकेल, जस्त. नुसतं ‘६० ग्रॅम’ किंवा ‘४० ग्रॅम’ असेल तर ते डझनभर मोठ्या चमच्यांवर चढवलेल्या चांदीच्या थराचं वजन, वस्तूचं नव्हे. ऑनलाइन विकणारे कधी कधी भोळेपणाने, कधी साळसूदपणे तो आकडा चांदीचं वजन म्हणून लिहितात.

स्वीडनमध्ये अशा मीनाकामाच्या चमच्यांची परंपरा नॉर्वेएवढी नाही. इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत जे रंगीत चमचे सापडतात ते बरेचदा सीमेपलीकडून आलेले.

कांदेपोहे

रुमाल टाकून ठेवते. बायकोला दाखवू नका अशा धाग्यांत हा नवऱ्याला दाखवू नका असा धागा आहे.

हुपरीकर

नमस्कार. घरात पिढीजात चांदीकाम, आमचं गाव म्हणजे पैंजणांचं गाव. पैंजणावर, जोडव्यांवर मीना असतो, त्यामुळे यातलं थोडं कळतं. उत्तरायणताईंनी दिलेल्या वर्णनावरून कामाच्या बाजूने चार गोष्टी.

मीना म्हणजे काच. काच कुटून पूड करायची, धुवायची, ओली ओली चांदीवर बसवायची, वाळवायची आणि भट्टीत ७५० ते ८०० अंशांच्या आसपास मिनिट-दोन मिनिटं ठेवायची. निव्वळ चांदी ९६१ अंशांना वितळते. स्टर्लिंगमध्ये साडेसात टक्के तांबं असतं, ती ८००च्या पुढे गेली की ढासळायला लागते. म्हणजे वरची काच वितळून पसरायला हवी आणि खालचा चमचा उभा राहायला हवा. मधे फट अगदी थोडी. आणि हे एकदा करून भागत नाही, दोन-तीन थर, दर थराला भट्टी. शिवाय तांबं तापलं की चांदीवर जांभळट-काळी झाक आणतं, ती पारदर्शक रंगाखालून दिसते. कोरीव लाटा झगझगीत दिसतायत याचा अर्थ ती झाक त्यांनी येऊच दिली नाही किंवा नीट काढली.

आता लाल. पारदर्शक लाल आणि गुलाबी थेट चांदीवर घातला तर चांदीशी त्याची प्रक्रिया होते आणि तो पिवळट-तपकिरी होतो. म्हणून आधी खाली बिनरंगी काचेचा थर द्यायचा, मग लाल. निळा-हिरवा मात्र चांदीवर थेट खुलतो. त्यामुळे डबी उघडली की मी निळ्याकडे बघणारच नाही. लाल चमचा उचलीन. तो कडेपर्यंत स्वच्छ लाल असेल, कडांना तपकिरी फिरलेला नसेल, तर कारखाना चांगला.

तळाच्या रेषा दोन प्रकारे येतात. यंत्राने कातरलेल्या असतील तर प्रत्येक रेषेची कड धारदार आणि प्रत्येक रेष उजेड वेगळा परतवते. साच्यात दाबून उठवलेल्या असतील तर रेषा गोलसर, जरा झोपाळू दिसतात. दोन्हीत मीना तोच.

उत्तरायण

@हुपरीकर, नमस्कार स्वीकारा! लाल चमच्याची परीक्षा कुठल्याच विक्रेत्याने सांगितली नव्हती. आत्ता कपाट उघडून बघितलं. एका डबीतला लाल अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखा आहे, दुसऱ्या डबीतला कडेला चहाच्या रंगाचा. दुसरी डबी निनावी आहे.

टवका उडाला तर दुरुस्त होतो का?

हुपरीकर

खरं उत्तर: नाही. टवक्यात नवी पूड भरून भट्टीत घातलं तर जुनी काच नव्याने तापते, चिरते, रंग बदलते, आणि जुन्या-नव्या काचेचं प्रसरण जुळत नाही. पूर्ण मीना उतरवून नव्याने भरला तरच नीट होतं, पण मग ती जुनी वस्तू राहिली कुठे? दांडा मोडला तर डाग देऊन जोडताही येत नाही. चांदीचा डाग वितळेपर्यंत आच दिली की शेजारचा मीना फुटलाच म्हणून समजा.

कुठल्याही पेठेतला कारागीर “मीना भरून देतो, उद्या या” म्हणेल. तो भरेल तो राळेचा थंड रंग, भट्टीशिवायचा. स्वस्त पैंजणांवर आता बहुतेक तोच असतो. नव्या पैंजणाला चालतो. तुमच्या चमच्याला लावून घेऊ नका, आणि घेताना आधीच कोणी लावलेला नाही ना ते बघा.

शंकेखोर

कसं बघायचं? आम्ही काही भट्टीवाले नाही.

हुपरीकर

खिडकीशी जा. वस्तू तिरपी धरा, उजेडाची तिरीप मिन्यावरून सरकू द्या. खरी काच सगळीकडे सारखी चमकते; भरलेल्या जागी चमक एकदम मंदावते, मेणासारखी होते. नखाची कड फिरवा, टवका असेल तिथे अडकते. दहापटीच्या भिंगातून कडा बघा: वाटीची टोकं आणि दांड्याचं टोक, तिथेच आधी उडतं. दांडा बाजूने बघा. कधी काळी वाकून सरळ केलेला असेल तर मिन्यात आडव्या केसासारख्या भेगा असतात. नोटा तपासायची जांभळी बॅटरी असेल तर अंधारात मारा. राळ आणि काच वेगवेगळ्या उजळतात. सुई टोचून बघतात काही जण, पण दुकानदाराच्या वस्तूला सुई लावाल तर मार खाल.

सुगरण_नाही

आमच्या घरी एक आहे!!! म्हणजे मला आत्ता कळलं की ते काय आहे. आजोबा मालवाहू बोटीवर होते, रत्नागिरीकडचे. बर्गन बंदरातून त्यांनी आजीसाठी आणलेला एक निळा चमचा देवघराच्या फडताळात असतो, पंचामृतासाठी वापरतो. मागे तराजू आहे, ९२५ आहे आणि इंग्रजीत नॉर्वे, स्टर्लिंग असं लिहिलंय. आम्ही आजवर त्याला ‘इराणी चमचा’ म्हणायचो, का ते कोणालाच माहीत नाही.

पानगळ

तराजू म्हणजे डेव्हिड-अँडरसन, पेढी ओस्लोची. बर्गनच्या दुकानात विकला गेला असेल. देशाचं नाव इंग्रजीत म्हणजे परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून केलेला. बर्गन हे प्रवाशांचं जुनं बंदर, तिथे मारियुस हामरने एकोणिसाव्या शतकापासून आठवणीचे चमचे विकून मोठा धंदा उभा केला होता. तुमच्या आजोबांसारखे खलाशी हेही गिऱ्हाईकच.

उत्तरायण

@सुगरण_नाही, ‘इराणी चमचा’ :D फोटो टाका ना. आणि पंचामृत बंद करा, प्लीज. दही आणि मध एकत्र तासभर ताम्हनात, त्यात चमचा बुडालेला. वाटीचा मुलामा शाबूत असेल तरी बाहेरच्या बाजूला मिन्याची कड आणि चांदी जिथे भेटतात तिथे आंबट शिरतं. तीर्थाला वापरा, साखर वाढायला वापरा.

सुगरण_नाही

आईला सांगितलं. ती म्हणते देवाला इतकी वर्षं चाललंय, तुमच्या फोरमला काय कळतं. पळीची सोय होईपर्यंत तोच राहणार असं दिसतंय.

आजीबाईंचा_बटवा

साफसफाईचं कोणी बोललंच नाही. चांदी म्हटली की आपल्याकडे हात आपोआप जातो तो विभूती, दंतमंजन, रांगोळी, चिंच किंवा पितांबरीकडे. मीना असलेल्या वस्तूला यातलं काहीही नको. भुकटी काचेवर ओरखडे पाडते आणि मुलामा खरवडते, आंबट मिन्याच्या भेगांत जाऊन बसतं. बाजारात मिळणारं चांदी बुडवायचं द्रावणही नको. ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि उकळतं पाणी ही युक्ती साध्या चांदीला ठीक, मिन्याला नको, कारण उकळत्या पाण्यातून गार हवेत आली की काच आणि धातू वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात. डिशवॉशरचं नावही काढू नका.

कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, बोटांनी चोळायचं, लगेच सुती मऊ फडक्याने कोरडं. काळं पडलं असेल ते फक्त उघड्या चांदीवर, दांड्याच्या मागे वगैरे. तिथे चांदी पुसायचं कापड बोटाला गुंडाळून हलक्या हाताने. मुलाम्यावर तेही नको. आणि रोज वापरलं तर काळं पडायची वेळच येत नाही.

शंकेखोर

इथेच माझा मुद्दा. रोज वापरलं तर झिजणार, टवके उडणार, आणि उत्तरायण म्हणतात तसं मग मोडीचा भाव. मग वापरायचं कशाला? मी तर डबी सीलबंद ठेवीन.

उत्तरायण

@शंकेखोर, ठेवा की, तुमची डबी. पण हिशेब पुन्हा मांडा. ही डबी लग्नात, पन्नाशीला, भेट म्हणून दिली गेली, कपाटात गेली आणि बहुतेक वेळा तिथेच राहिली. म्हणून तर आज इतक्या अभंग डब्या जुन्या बाजारात येतात. वारस त्या विकतात कारण त्यांनी त्या कधी टेबलावर बघितल्याच नाहीत. त्यांच्या लेखी ती आजीच्या कपाटातली धूळ. ज्या घरात १७ मेला, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनाला, बदामाच्या कड्यांचा उंच केक आणि कॉफी या चमच्यांसकट मांडली जाते, त्या घरातली पोरं चमच्यांवरून भांडतात. लाल कोणाचा, निळा कोणाचा. ती डबी बाजारात येत नाही.

वापर म्हणजे फेकाफेक नव्हे. एका वेळी एक चमचा धुवायचा, सिंकमध्ये ढीग नाही, काचेच्या जाड मगात खडखड ढवळायचं नाही. पातळ चिनी मातीचा कप आणि हळू हात. गरम कॉफीतला चमचा लगेच आइस्क्रीममध्ये खुपसायचा नाही. एवढं जमत असेल तर वापरा.

कोपनहेगनची_काकू

+१. आणि सहा वेगवेगळ्या रंगांचा व्यवहारात मोठा फायदा: हळदीकुंकवाला प्रत्येकीचा कप ओळखता येतो.

मसालादूध

कोजागिरीला मसाला दुधात हे चमचे! आत्ताच डोळ्यांपुढे आलं. केशर-पिस्त्याचा गाळ तळाला बसतो तो काढायला एवढाच चमचा हवा.

अवांतर: लहान बाळाच्या उष्टावणाला मीनाकामाचा चमचा द्यावा का? भाची आहे, ओस्लोचा पर्याय विचारात घेतेय.

आजीबाईंचा_बटवा

अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. जुन्या पारदर्शक मिन्यांत शिसं वापरलं जायचं. काचेत बांधलेलं असतं, तुम्ही-आम्ही कॉफी ढवळण्याने काही होत नाही. बाळ मात्र चमचा चावतं, चोखतं, आपटतं, आणि या चमच्यांना वाटीच्या पाठीवरही मीना असतो. बाळाला साधी चांदी द्या.

उत्तरायण

सहमत. इथेही बाप्तिस्म्याला बाळाला चांदीचा चमचा देतात, नाव आणि तारीख कोरून, आणि तो साधाच असतो, दांड्यावर नक्षी वगैरे. भाचीला तसा घ्या, जुन्या बाजारात दुसऱ्याच्या नावाचे पुष्कळ मिळतात :) नाव कोरलेलं नको असेल तर डेन्मार्क-नॉर्वेचे ८३०चे साधे चमचे बघा, छान जाड असतात.

कांदेपोहे

माझ्याकडे कॅथरीनहोल्मचा नारिंगी वाडगा आहे, पांढरी कमळपानं असलेला. नॉर्वेचाच, मीनाही आहे. हा या धाग्यात बसतो का?

पानगळ

भावंड आहे असं म्हणू. तो पोलादावरचा मीना, हाल्डेन गावच्या कारखान्यातला. आकार ग्रेटे प्रिट्स किट्टेल्सेन यांचे, कमळपानांची नक्षी आर्ने क्लाउसेन यांची. गंमत अशी की ग्रेटे याच टोस्ट्रुप पेढीच्या घरातल्या: वर उल्लेख आलेले तुरोल्फ प्रिट्स त्यांचे आजोबा. त्या मुळात चांदीवरच्या मिन्यात शिकलेल्या, १९५२ मध्ये त्यांना नॉर्डिक रचनाकारांसाठीचं लुनिंग पारितोषिक मिळालं, आणि पुढे तेच रंगांचं ज्ञान त्यांनी स्वयंपाकघरातल्या वाडग्यांत उतरवलं. श्रीमंताच्या डबीतला निळा मध्यमवर्गीय घराच्या फळीवर आला तो असा. त्यांनी चांदीत केलेल्या एकरंगी तबकड्या मिळाल्या तर माझ्या मते चमच्यांच्या दहा डब्या ओवाळून टाकाव्यात. नक्षी नाही, काही नाही, नुसता रंग आणि आकार.

उत्तरायण

दहा नाही, पण दोन ओवाळीन.

सरळसोट

पुन्हा मीच. मुंबईत पावसाळ्यात हे टिकणार कसं? आमच्याकडे साधी वाटी आठवड्यात काळी होते.

आजीबाईंचा_बटवा

हवेतला गंधक आणि दमट हवा, दोघांची मिळून करामत. मीना आणि शाबूत मुलामा काळा पडत नाही, उघडी चांदी पडते. प्रत्येक चमचा वेगळ्या धुतलेल्या सुती कापडात, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत औषधाच्या बाटलीत येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या. रबरबँड अजिबात नाही. रबरात गंधक असतो आणि चांदीवर बरोब्बर त्याच्या आकाराची काळी रेघ उमटते. लोकरीचं कापड, वर्तमानपत्र हेही नको. मूळ डबी दिसायला कितीही गोड असली तरी पावसाळ्याचे चार महिने चमचे बाहेर काढून ठेवा, ते जुनं अस्तर ओल धरतं.

सरळसोट

ठीक. आणि विमानातून आणायचं तर?

पानगळ

हातातल्या सामानात, प्रत्येक नग गुंडाळून, आणि खरेदीची पावती बरोबर. चांदी आहे, कस्टमला स्वतःहून सरळ सांगायचं, लपवायचं नाही. जुन्या बाजारात पावती देत नाहीत, म्हणून भारतात न्यायचं असेल तर लिलावगृहातून घ्या: ओस्लोत ब्लोमक्विस्त, कोपनहेगनला ब्रून रासमुसेन. कागद नीट मिळतात, आणि वस्तूची स्थिती लेखी दिलेली असते. फोटो मात्र स्वतः मोठे करून बघा. “वापराच्या खुणा” हे शब्द दिसले की दांड्याच्या टोकाचा फोटो मागवायचा.

मसालादूध

मीठदाण्यांचं राहिलं. त्या जोडीने मिळतात त्या, छोटा चमचा असलेल्या. जेवणात मिठासाठी वापरता येतात का?

उत्तरायण

येतात, पण मीठ चांदीचा वैरी. मिठातलं क्लोराइड चांदीला खड्डे पाडतं, म्हणून तर मीठदाणीला आतून मुलामा दिलेला असतो, काहींत काचेची वाटी असते. काचेची वाटी हरवलेली आणि मुलामा झिजलेला असेल तर आत हिरवट ठिपके दिसतील. ती घेऊ नका. वापरायची तर पंगत उठली की मीठ काढायचं, दाणी आणि चमचा दोन्ही धुवून कोरडी करायची. कोकणपट्टीच्या हवेत मिठाला पाणी सुटतं, तिथे तर अर्धा तासही ठेवू नका.

माझ्याकडच्या जोडीत मी मीठ घालतच नाही. एकीत भाजलेली बडीशेप, दुसरीत खडीसाखर. पाहुण्यांना चमचा फार छोटा पडतो, मग ते दोनदा-तीनदा घेतात.

सरळसोट

मीठदाणीचं वजन किती भरतं?

उत्तरायण

सरळसोट!!